बॅचलर बिल्डिंगचा जिना

अमिरुन्निसाचा राग सगळ्या हर्णैला ठाऊक होता. लग्नाआधीची गोष्ट. एस.टी.च्या कंडक्टरने एका म्हातारीला मासळीच्या टोपलीसकट गाडीतून उतरवलं. वास येतो म्हणाला. अमिरुन्निसाने कंडक्टरची तिकिटांची पेटी उचलली आणि म्हातारीच्या मागोमाग खाली उतरली. पेटीशिवाय गाडी सुटणार कशी? कंडक्टर ओरडला, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मागच्या सीटवरची पोरं टाळ्या पिटायला लागली. म्हातारी टोपलीसकट वर चढली तेव्हाच पेटी परत मिळाली.

लग्न ठरताना नझीरला ही गोष्ट कुणी सांगितली नाही. नंतर कळली तेव्हा तो म्हणाला, "आधी कळलं असतं तर मी कुवेतलाच राहिलो असतो."

"राहिलातच की," ती म्हणाली.

खरंच राहिला होता. तो कुवेतला आणि ती हर्णैला, अशीच पहिली आठ-नऊ वर्षं गेली. इराकी आले तेव्हा तो वाळवंटातून जॉर्डनमार्गे घरी पोचला. युद्ध संपल्यावर पुन्हा गेला. पगार फॅमिली व्हिसाच्या मर्यादेला लागला तेव्हा कुठे त्र्याण्णव साली अमिरुन्निसा आठ वर्षांच्या रिदाला घेऊन विमानात बसली.

नझीर मिरकाबमधल्या एका ट्रेडिंग कंपनीत मंदूब होता. कंपनीची कागदपत्रं सरकारी कचेऱ्यांमधून फिरवायची, शिक्के मिळवायचे, हे त्याचं काम. कुठल्या खिडकीवर कुणाला सलाम ठोकायचा ते त्याला पाठ होतं. वास्ता, म्हणजे ओळख, हा त्याचा आवडता शब्द. घर अब्बासियात. दोन खोल्यांच्या फ्लॅटमधली एक खोली त्यांची, दुसरी एका मल्याळी जोडप्याची. हॉल आणि किचन सामाईक. हॉलमध्ये कुणी किती वेळ बसायचं याचेही नियम होते.

रिदाला गणित आवडायचं. सुट्टीत ती पुढच्या वर्षीचं पुस्तक आणून सोडवत बसायची. खिडकीतून समोर नव्या इमारतीची क्रेन दिसायची. ती अशी का पडत नाही, हे तिने सहावीत असताना अब्बांना विचारलं होतं. अब्बांनी सांगितलं, "अल्लाह की मर्जी." रिदाने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सरांना विचारलं. तेव्हापासून तिला सिव्हिल इंजिनिअर व्हायचं होतं.

अमिरुन्निसाला स्वतःला शाळा कधी आवडली नव्हती. दहावीला गणितात ती कशीबशी सुटली आणि त्याच संध्याकाळी तिने पुस्तक समुद्रात भिरकावलं. पुढे तिने जे केलं ते स्वतःचं राहिलेलं शिक्षण मुलीकडून पुरं करायला केलं, असं लोक सांगतात. ते खोटं आहे. तिचं काहीही राहिलेलं नव्हतं.

दोन हजार एक साली रिदा दहावी झाली. मार्क चांगले पडले. आता अकरावीचे विषय घ्यायचे होते. कुवेतमधल्या मराठी घरांत त्या महिन्यात दुसरं बोलणं नसतं. इंडियाला कुठल्या कॉलेजला काय लागतं, परदेशातल्या मुलांच्या जागा किती, कटऑफ कुठे बंद झाला. सायन्स घेतलं की फिजिक्स, केमिस्ट्री सगळ्यांनाच. प्रश्न पुढचा. मॅथ्स की बायो? मॅथ्स घेतलं तर इंजिनिअरिंगचा दरवाजा उघडा. बायो घेतलं तर तो बंद, कायमचा.

मुलगी हुशार कशात आहे यावर हे ठरत असेल, असं कुणालाही वाटेल. अब्बासियात ते जिन्यावर ठरायचं.

शाळेत शिकवत नव्हते असं नाही. शिकवत होते. पण शाळेच्या भरवशावर बारावी कुणी देत नव्हतं. ट्यूशन लागायचीच. आणि बायोच्या ट्यूशनला ताहिरा मिस होत्या. नवरा, सासू, दोन मुलं, दारात चपलांचा ढीग. फॅमिली बिल्डिंग. तिथे मुलगी गेली तर कुणी वर मान करून बघत नव्हतं. मॅथ्सला विश्वास सर होते. त्यांच्याइतकं चांगलं मॅथ्स अब्बासियात कुणी शिकवत नव्हतं. पण विश्वास सर राहायचे बॅचलर बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, चार पुरुषांबरोबर एका फ्लॅटमध्ये. तो जिना मुली चढत नसत.

विश्वास सरांची बायको नाशिकला होती. दोन मुलगे होते. पगार फॅमिली व्हिसाच्या मर्यादेखाली, म्हणून ती तिकडे आणि हे इकडे. नाशकात दोन पोरांचा बाप असलेला माणूस कुवेतच्या विमानतळावर उतरला की बॅचलर होतो.

तर मुली बायो घेत. शाळेत म्हणत, मुलींचा कलच बायोकडे असतो.

नझीरने एका दुपारी घरी येऊन सांगितलं, "झालं काम. रिदाला बायो मिळालं. ऑफिसातल्या क्लार्कशी आपली ओळख निघाली. बायोच्या वर्गात जागाच उरली नव्हती, पण वास्ता लावला."

तो खूश होता. हातात कुनाफा या अरबी मिठाईचा डबा होता.

अमिरुन्निसा म्हणाली, "तिला मॅथ्स हवं होतं."

"लेडी डॉक्टर होईल. नाहीतर फार्मसी. इज्जतीचं काम. इंजिनिअर होऊन क्रेनवर चढणार आहे का ती?"

"तुम्ही तिला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? मॅथ्सला ट्यूशन कुठे आहे? त्या बिल्डिंगमध्ये पाठवणार आहेस पोरीला? तिथे कसली माणसं राहतात ते मला माहीत आहे."

"तुम्ही राहत होतात. मी यायच्या आधी. कसली होती माणसं?"

नझीरने डबा टेबलावर ठेवला.

ती रिदाकडे वळली. रिदा पलंगावर पाय दुमडून बसली होती. तिला सगळं ऐकू आलं होतं.

"बोल गो. तुला काय पाहिजे?"

"इट्स ओके, अम्मी," रिदा म्हणाली. "बायो इज ऑल्सो फाइन."

अमिरुन्निसाला नवऱ्याचा राग आला होता. पण या एका वाक्याने जे झालं ते वेगळंच होतं. सोळा वर्षांची पोर. ती रडली असती, आदळआपट केली असती, तर चाललं असतं. तिने नुसतं हसून सोडून दिलं. कुनाफ्याचा तुकडाही उचलला.

"गणित आवडत नसेल तर सोड," अमिरुन्निसा म्हणाली. "मी पण सोडलं. पण जिन्यापायी सोडायचं नाही. कळलं?"

रिदा म्हणाली, "ओके." तेही तशाच आवाजात.

दुसऱ्या दिवशी अमिरुन्निसा एकटी बस पकडून शाळेत गेली. प्रिन्सिपॉलनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, हिंदीत विचारलं, "मॅडम, फादर नहीं आए?"

"मी आले आहे."

"बायो मुलींना सूट होतं. मॅथ्स हेवी आहे. ट्यूशनची काय सोय आहे?"

"तुम्ही शिकवत नाही?"

प्रिन्सिपॉल हसले. लहान मुलाने काही बोलावं तसं हसले. "शिकवतो ना. पण रिझल्टचा प्रश्न असतो. सोय नसलेली मुलगी मॅथ्स घेते, बारावीला अडकते, माझा रिझल्ट खाली येतो. पेपरात येतं ते. मुलाला मी हे विचारत नाही. त्याची सोय असतेच."

"सोय केली तर?"

"तर फादरनी येऊन सांगावं. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत विषय बदलता येईल. त्यानंतर मी काही करू शकत नाही."

पाणी तसंच टाकून ती उठली. या माणसाने तिला वाईट बोललं असतं तर तिने त्याच्या टेबलावरची घंटी उचलून आणली असती. पण तो गोड बोलला होता.

रिदाच्या वर्गातली शर्वरी त्यांच्याच गल्लीत, कोपऱ्यावरच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायची. तिचे वडील जयदीप रिफायनरीत इंजिनिअर. आई सुहासिनी पुण्याची. त्यांचा फ्लॅट मोठा, हॉल पूर्ण त्यांचा. शर्वरीलाही मॅथ्स हवं होतं आणि तिचंही नाव बायोत पडलं होतं.

"सुहासिनीताई, तुमच्या हॉलमध्ये क्लास ठेवू या," अमिरुन्निसा म्हणाली. "विश्वास सर इथे येतील. पोरी पोरी बसतील. आपण दोघी असूच."

"अहो, कल्पना छानच आहे," सुहासिनी म्हणाली. "पण जयदीपची शिफ्ट असते ना. दिवसा झोपतात. आणि हे ट्यूशनचं प्रकरण म्हणजे इथल्या कायद्यात न बसणारं, चोरीछुपे. उद्या कुणी तक्रार केली तर कंपनीत नाव खराब. तुम्ही समजू शकता."

"मग शर्वरीचं काय?"

"बघू. नाहीतर तिला पुण्याला माझ्या बहिणीकडे ठेवू. तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका हो. शेवटी मुलींचं काय, लग्न झालं की सासरचे ठरवतात."

चहाबरोबर चिवडा आला होता. अमिरुन्निसाने तो खाल्ला नाही. इंजिनिअरची बायको हे म्हणते! इंजिनिअरच्या पगारावर घेतलेल्या सोफ्यावर बसून! जिना उतरताना ती स्वतःशी हेच म्हणत होती, आणि वर येणारा दूधवाला बाजूला सरकून उभा राहिला.

विश्वास सर तिला गल्लीतल्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, सापडले. ते अंडी घेत होते. बुटका, टक्कल पडलेला माणूस. दिवसा एका गोदामात स्टोअरकीपर. तिने सरळ विचारलं, "तुम्ही मुलींना का शिकवत नाही?"

ते दचकले. अंड्यांचा ट्रे सांभाळत म्हणाले, "मी कुणाला नाही म्हटलं नाही, भाभी. कुणी आलंच नाही."

"कधी बोलावलंत?"

"बोलावू कसा? बॅचलर माणसाने कुणाच्या मुलीला घरी ये म्हणायचं? दुसऱ्या दिवशी माझं सामान रस्त्यावर असेल." मग खाली बघून म्हणाले, "घरोघरी जायला वेळ नाही. सहाला ड्यूटी सुटते. आणि मी आलो त्या वेळी घरात पुरुष नसला तर ते आणखी वाईट."

"मी तिला घेऊन येते. मी दारात बसते. क्लास संपला की घेऊन जाते. मग?"

विश्वास सरांनी बराच वेळ अंडी मोजल्यासारखं केलं.

"दार उघडं ठेवेन," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी त्या दोघी गेल्या तेव्हा बॅचलर बिल्डिंगच्या जिन्यावर लुंग्या होत्या. कठड्यावर वाळत घातलेल्या आणि माणसांनी नेसलेल्या. एकजण बनियनवर दाढी करत होता. अमिरुन्निसाला बघून तो अर्धी दाढी घेऊन आत पळाला. वरच्या मजल्यावर कुणीतरी कुणाला हाक मारली, "अरे पॅन्ट, पॅन्ट!" दारं पटापट बंद झाली. पाच मिनिटांनी तीच माणसं इस्त्रीच्या पॅन्ट्स घालून एकामागून एक बाहेर आली, मान खाली घालून गेली आणि काही काम नसल्यामुळे परत आली.

विश्वास सरांबरोबर राहणारा अशरफ महाडचा. त्याने प्लास्टिकची खुर्ची आणून लँडिंगवर ठेवली. "आपा, बसा. चहा करू?"

"नको."

"साखर किती?"

तिने चहा घेतला. उघड्या दारातून आतली मुलं दिसत होती. रिदा शेवटी, भिंतीला टेकून, वही मांडीवर. मुलं तिच्याकडे बघत नव्हती, म्हणजे सगळा वेळ तेच करत होती. सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते. अमिरुन्निसाला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि कळावं अशी तिची इच्छाही नव्हती.

असं ती रोज बसायला लागली. नझीरला तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो म्हणाला, "नाटक आहे. चार दिवसांत थकशील." चार दिवस गेले. मग मशिदीबाहेर कुणीतरी त्याला विचारलं. मग कंपनीत कुणीतरी विचारलं. गावाकडच्या कुणाच्या तरी भावाने फोन करून हर्णैला सांगितलं, आणि हर्णैहून नझीरच्या भावाचा फोन आला. एका संध्याकाळी तो तिसऱ्या मजल्यावर येऊन उभा राहिला. धाप लागली होती.

"घरी चल."

"क्लास संपू दे."

"अमिरुन्निसा, घरी चल म्हणतो. लोक मला विचारतात, तुझी बायको बॅचलरच्या दारात का बसते. काय सांगू मी?"

"खरं सांगा. मुलीला गणित शिकायचं आहे."

"लाज सोडलीस तू."

आतला खडू थांबला. अशरफ किचनच्या दारात आला होता, तो मागे सरला. अमिरुन्निसा खुर्चीवरून उठली. हळू आवाजात बोलायचं असं तिने ठरवलं होतं, पण तिला ते कधीच जमलेलं नव्हतं.

"माझी लाज वाटते ना? मी बाईमाणूस इथे बसते म्हणून? बरोबर आहे. मग तुम्ही बसा!" तिने खुर्ची ढकलून त्याच्यासमोर केली. "बाप बसला तर कोण विचारणार आहे? पुरुष पुरुषांच्या जिन्यावर बसला. संपलं. एवढे दिवस तुमच्या डोक्यात हे आलं नाही? मलाच का चढावं लागलं? बसा ना!"

नझीरने खुर्चीकडे बघितलं. एका क्षणी असं वाटलं की तो बसेल. मग तो वळला आणि जिना उतरून गेला. चपलांचा आवाज खालपर्यंत येत राहिला.

आठवडाभर तो तिच्याशी बोलला नाही. जेवायचा, झोपायचा, मिरकाबला जायचा. सुट्टी लागायला थोडे दिवस उरले होते. अमिरुन्निसाने ठरवलं होतं की तो शाळेत सांगायला गेला नाही तर ती शाळेच्या फाटकात जाऊन उभी राहील, आणि काय करेल ते तिला माहीत नव्हतं. पण तो गेला. एका दुपारी आला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "मॅथ्स करून आलोय." बस्स. का गेला ते त्याने कधी सांगितलं नाही. लोकांनी विचारायचं थांबावं म्हणून गेला, असं अमिरुन्निसाला वाटतं. बायकोला एकटीला जिन्यावर टाकलं आहे यापेक्षा आपणच मुलीला पाठवतो आहोत, हे सांगायला सोपं.

आणि मग गंमत झाली. सुट्टीनंतर एका संध्याकाळी दारात सुहासिनी उभी. बरोबर शर्वरी, दप्तर घेऊन.

"अमिरुन्निसाताई, तुम्ही तिथे असताच ना रोज? मग आमच्या शर्वरीलाही न्याल का? सुट्टीआधीच तिचं पण मॅथ्स करून घेतलं आम्ही. तुम्ही आहात म्हटल्यावर काळजीच नाही!"

तिच्या पाठोपाठ आणखी दोघी आल्या. एक मल्याळी, एक हैदराबादची. त्यांच्या आया अमिरुन्निसाच्या दारातच मुली सोडून जायच्या. कुणी कधी तो जिना चढून वर आली नाही. कुणी एक दिवस म्हटलं नाही की आज तुम्ही थांबा, मी बसते. एकदा अमिरुन्निसाला ताप आला. तिने निरोप पाठवला की आज कुणीतरी दुसरं बसा. त्या दिवशी चौघीही घरी बसल्या. रात्री सुहासिनीचा फोन. "आज क्लास बुडला हो शर्वरीचा. टेस्ट आहे. उद्या तरी याल ना?"

अमिरुन्निसाने फोन ठेवला नाही, आपटला. मल्याळी बाई हॉलमधून बघायला आली, फुटला का म्हणून.

हिवाळ्यात जमातीची सहल वफ्राला गेली. एका शेतात सतरंज्या घातल्या, पलीकडे टोमॅटोची हरितगृहं, शेतावरचे बांगलादेशी मजूर कुंपणापलीकडून ही गर्दी बघत होते. बिर्याणीचं पातेलं उतरलं. पुरुषांच्या सतरंजीवर मुलांच्या विषयांची गोष्ट निघाली. कुणीतरी नझीरला म्हणालं, "तुमच्या मुलीने मॅथ्स घेतलं म्हणे? हिंमत आहे."

नझीरने दाढीवरून हात फिरवला. "हिंमत कसली? मी पहिल्यापासून ठरवलं होतं. आमच्याकडे मुलगा-मुलगी फरक नाही. लोक बोलले. बोलू दे म्हटलं. मुलीला शिकवायचं तर बापाने घट्ट राहायला पाहिजे."

"वा," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "बाकीच्या बापांना पण सांगा जरा."

अमिरुन्निसा बायकांच्या सतरंजीवर कांदा कापत होती. सुरी हातात घेऊनच ती उभी राहिली.

"खोटं," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. मजुरांच्यासुद्धा.

"खोटं बोलता. तुम्ही तिला वास्ता लावून बायोत घातलं होतं. कुनाफा वाटला होता. मी सात महिने त्या जिन्यावर बसले तेव्हा तुम्ही मला बेशरम म्हणालात. आता घट्ट राहिलेला बाप झालात? बरं. झालात तर झालात. मग शनिवारपासून तुम्ही बसा. सगळ्यांसमोर सांगा, बसतो म्हणून."

कुणीतरी हसलं. मग सगळे हसले, कारण नाहीतर काय करायचं ते कुणाला सुचत नव्हतं. नझीरही हसला. चेहरा लाल झाला होता.

"बसतो," तो म्हणाला. "त्यात काय?"

शनिवारी ती गेली नाही. सहाच्या सुमाराला नझीर मुलींना गाडीत घेऊन निघाला. आठला तो आणि रिदा परत आले. रविवारी तेच. सोमवारी तेच. अमिरुन्निसा घरात होती, पण तिचा जीव घरात नव्हता. संध्याकाळी इतका रिकामा वेळ असतो हे ती विसरली होती. तिने सगळे डबे घासले. मल्याळी बाईचे पण घासले.

गुरुवारी क्लास संपायच्या वेळेला दार वाजलं. रिदा एकटी.

"अब्बा कुठे?"

"गाडी घेऊन कुठेतरी गेले असतील." रिदाने बूट काढले. "आम्ही चालत आलो. शर्वरी कोपऱ्यावरून गेली."

"गेले म्हणजे? जिन्यावर नव्हते?"

"ते वर येत नाहीत, अम्मी. फर्स्ट डेपासून. खाली गाडीत बसतात नाहीतर चहाला जातात. आज गाडी पण नव्हती."

"म्हणजे आठवडाभर वर कुणी नव्हतं?"

"नो."

"मग?"

रिदाला प्रश्न कळला नाही. "मग काय? क्लास झाला. आज इंटिग्रेशन सुरू केलं."

अमिरुन्निसा स्टुलावर बसली. आठवडाभर ती खुर्ची रिकामी होती. चार मुली तो जिना चढल्या आणि उतरल्या. कुणी काही केलं नाही, कुणी काही बोललं नाही, आकाश कोसळलं नाही. सात महिने तिने त्या लँडिंगवर चहा पीत काढले होते. कशाची राखण केली तिने? कशापासून?

"तुला जिन्याची भीती वाटत नव्हती?"

"पहिल्यांदा वाटली. ट्वाइस. मग नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी एवढे दिवस—"

"तू इतकी रागात असायचीस," रिदा म्हणाली, आणि या वेळी त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता. "तू रागात असलीस की आम्ही कुणीच बोलत नाही. अब्बा पण नाही."

अमिरुन्निसाने पोरीकडे बघितलं. तिला तिचा राग आला. स्वतःचा पण आला, पण तो कुठे ठेवायचा हे तिला माहीत नव्हतं. तिने ओढणी घेतली आणि बाहेर पडली.

कोपऱ्यावरच्या बिल्डिंगमध्ये सुहासिनीने दार उघडलं. मागे शर्वरी टी.व्ही.समोर ताट घेऊन बसली होती.

"तुम्हाला सांगायला आले," अमिरुन्निसा म्हणाली. "आठवडा झाला, जिन्यावर कुणी बसत नाही. नझीर नुसते गाडीत बसतात. पोरी एकट्या जातात, एकट्या येतात. आज तर घरीही चालत आल्या."

"अगं बाई!" सुहासिनीने छातीवर हात ठेवला. "आणि शर्वरी, तू बोलली नाहीस? बरं झालं तुम्ही सांगितलंत. मग आता शनिवारपासून तुम्हीच पुन्हा—"

"नाही."

"म्हणजे?"

"मी बसणार नाही. नझीरलाही पाठवणार नाही. रिदा जाईल."

"एकटी? त्या बिल्डिंगमध्ये?" सुहासिनीचा आवाज चढला. "तुम्ही सुरुवात केलीत म्हणून आम्ही मॅथ्स घेऊ दिलं. आता विषय बदलता येत नाही, आणि तुम्ही अशा मध्येच हात वर करता? मग आमची शर्वरी जाणार कशी?"

"पायांनी," अमिरुन्निसा म्हणाली.

लिफ्ट वर होती. तिने वाट बघितली नाही, जिन्याने उतरली. खाली आल्यावरही तिचे कान गरम होते.

शनिवारी शर्वरी आली नाही. रविवारीही नाही. रिदा आणि त्या दोघी गेल्या. सोमवारी सुहासिनी शर्वरीबरोबर बॅचलर बिल्डिंगच्या दारापर्यंत आली, वर बघितलं आणि परत गेली. शर्वरी वर गेली. त्यानंतर ती रोज गेली.

नझीरने दोन दिवस गाडी काढायची तयारी केली. अमिरुन्निसाने त्याला सांगितलं, राहू द्या. "मग मी काय करू?" त्याने विचारलं.

"कांदा कापा," ती म्हणाली.